ताडोबात असं नसतं

लखनौच्या मराठी मंडळींत कोणी दुधव्याच्या जंगलात निघालं की बाकीचे ‘कधी निघताय?’ असं विचारत नाहीत. आधी इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘त्यांना कळलंय का?’

कळलेलं असतंच. जंगलातल्या जिप्सीत सहा माणसं बसतात, भाडं अख्ख्या गाडीचं असतं, आणि घरची चार असली की आणखी दोन शोधावीच लागतात. त्या दोन जागा कित्येक वर्षांपासून ताडोबाकर आणि वहिनींच्या नावावर लागलेल्या आहेत. आडनाव अर्थात हे नाही. खरं आडनाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलंय. गृहस्थ मूळचे बल्लारशाचे. मानकनगरच्या आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेत, नोकरी झाली, निवृत्तीनंतर घरही इथेच बांधलं. माणूस निर्व्यसनी, वेळेचा पक्का, गणेशोत्सवाच्या हिशोबात पाच रुपयांचा घोळ होऊ न देणारा. दोष म्हणाल तर एकच, आणि तो चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

वाघ पाहून आलेला मराठी माणूस तुम्हाला नवा नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात हल्ली सोसायटीगणिक एक असतो. पूर्वी काशीला जाऊन आलेला माणूस गंगेचा गडू घरोघर फिरवायचा, हा मोबाइल फिरवतो. मेव्हण्याच्या मुलांची नावं सांगताना तो अडखळेल, पण माया वाघिणीचे बछडे किती आणि कोणापासून, हे झोपेत विचारा. मटकासुर, वाघडोह, छोटा मटका ही नावं त्याच्या बोलण्यात अशी येतात, की नवख्याला वाटावं, सगळी भावकीच आहे. आमचे ताडोबाकर याच जातीचे. फरक एवढाच, की बाकीचे ताडोबाला जाऊन येतात आणि हे तिथून कधी परतलेच नाहीत.

लखनौ शहराला या माणसाने काय काय सोसायला लावलं! बड्या इमामबाड्याच्या भूलभुलैयात वाटाड्याने मोठ्या अदबीने सांगितलं, की इथे भले भले चुकतात. हे म्हणाले, ‘ताडोबातल्या कोळसा रेंजमध्ये चुकून दाखव म्हणावं.’ टुंड्यांच्या दुकानात कबाबाचा पहिला घास तोंडात विरघळत असताना त्यांना मोहर्लीच्या गेटबाहेरचे तर्री पोहे आठवले. हजरतगंजात गाड्या तुंबल्या तर हे काच खाली करून सुस्कारा टाकतात, ‘ताडोबात जाम लागला तर निदान पुढे वाघ असतो.’ (हे वाक्य त्यांनी कौतुकाने उच्चारलं होतं. एका वाघाभोवती वीस जिप्स्या ही त्यांच्या मते प्रगती.)

आणि तो कुर्ता. चौकातल्या ज्या दुकानात पांढऱ्यावर पांढरं चिकनकाम करण्यात पिढ्या गेल्या, तिथे जाऊन यांनी शेवाळी रंगाचा कुर्ता करून घेतला. गळ्याशी मुर्रीचे तांदळाएवढे दाणे, छातीवर बारीक जाळी, आणि रंग फॉरेस्ट गार्डच्या गणवेशाचा. दुकानदार बिचारा म्हणाला, ‘हुज़ूर, इस रंग पर काम दिखेगा नहीं.’ हे म्हणाले, ‘नहीं दिखना चाहिए. जंगल में वही तो काम है.’ लखनवी अदबीला निरुत्तर झालेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

लखनौहून दुधवा म्हणजे सीतापूर, लखीमपूर, पलिया करत पाच-सहा तासांचा रस्ता. निम्मा वेळ दोन्ही बाजूंना ऊस. वहिनी खिडकीशी बसतात. त्यांच्याकडे दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, मांडीवर पिशवी आणि पिशवीत लोकर. मान खाली घालून विणतात आणि तरी सगळं त्यांनाच दिसतं, कसं ते विचारू नका. एकदा सीतापूरच्या अलीकडे भाताच्या खाचरात सारसाची जोडी उभी होती. माणसाच्या उंचीचा पक्षी, लालभडक मान, शेजारी नांगर चालू आणि त्यांना त्याचं काही नाही.

‘अहो, ते पाहा.’

‘वाघ आहे?’

‘नाही.’

‘मग चालू द्या.’

हा संवाद पाठ करून ठेवा, पुढे लागेल. सारस हा उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी आणि इथे तो हजारोंनी आहे. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात तो जेमतेम तगून आहे, आणि त्याच्या नावाने कोर्टकज्जे आणि बैठका चालतात. मी गाडी थांबवायला लावली. ताडोबाकर उतरले नाहीत. घड्याळाकडे बघत बसले, कारण संध्याकाळपर्यंत पोहोचलं नाही तर रिसेप्शनवरच्या माणसाला ‘आज कोणाला दिसला?’ हे विचारता येणार नव्हतं.

दुधव्याचं पर्यटन संकुल छान आहे. सालाच्या उंच झाडांखाली थारू पद्धतीच्या झोपड्या, एक कँटीन, मोकळं अंगण, त्यात माकडं. तिथे मुक्कामाला आलेल्या माणसाने खुर्ची बाहेर काढून नुसतं बसायचं ठरवलं तरी दिवस वसूल होतो. धनेश डोक्यावरून पंख वाजवत जातात, संध्याकाळी चितळ कुंपणापर्यंत येतात, आणि अंधार पडला की रातकिडे असे सुरू होतात, की जवळच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. पण ताडोबाकरांचं येतं.

‘वाघ आहे? नाही ना? मग चालू द्या’ हे एव्हाना धनेशाला, घोरपडीला, नदीकाठी एकमेकांच्या अंगावर लोळणाऱ्या पाणमांजरांच्या अख्ख्या कुटुंबाला आणि एका गेंड्याला ऐकवून झालं आहे. हो, गेंड्यालाही. १९८४ साली आसामातून गेंडे आणून इथे पुन्हा वसवले. गेंडे तराईतून नाहीसे झाल्यानंतर किती वर्षांनी हे घडलं, त्यांना किती जपावं लागलं, हे गाइड रंगून सांगत होता. ताडोबाकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताडोबात गेंडे नाहीत.’ मला वाटलं, चला, एक तरी बाजू पडती घेतली. तर पुढचं वाक्य आलं, ‘गरजच नाही नं.’

सकाळच्या सफारीला मात्र खरा रंग चढतो. जानेवारीतलं धुकं, अंगावर दोन स्वेटर, त्यावर तो कुर्ता, त्यावर शाल. जिप्सी सालाच्या रानातून जाते आणि एकदम गवताळ मैदानाला लागते. गवत म्हणजे आपल्या पठारावरचं पोटरीएवढं नाही. हत्ती आत शिरला तर पाठ तेवढी दिसावी, असं. हीच तराईची गंमत आणि हीच ताडोबाकरांची दुखरी नस. ताडोबाचं जंगल पानगळीचं. उन्हाळ्यात बांबू आणि ऐन-सागाची पानं झडतात, पाणी चार ठिकाणी उरतं आणि वाघाला त्या चारांपैकी कुठेतरी यावंच लागतं. माणूस पाणवठ्याशी गाडी लावून बसला की झालं. इथे पाणी बारमाही आणि सगळीकडे, आड व्हायला गवत, गवत संपलं की ऊस. वाघाने स्वतःला दाखवावं तरी कशासाठी? हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ‘काहून? ताडोबातला वाघ दाखवतोच नं. संस्कार असतात.’

झादी ताल हे ठिकाण किशनपूरला आहे, दुधवा व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. तलावाच्या उथळ पाण्यात शेकडो बारशिंगे उभे होते. गुडघाभर पाण्यात, शिंगांवर ओलं गवत लोंबतंय, पावलं दलदलीसाठी बनलेली, खुर पसरट. एक मोठा नर मान वर करून आमच्याकडे बघत होता. त्याच्या शिंगांची टोकं मोजायला घेतली, तर दहावर पोहोचेपर्यंत त्याने मान वळवली. गाइड हळूच म्हणाला, की हे सगळं जंगल वाचलं ते यांच्यामुळे. खरंच आहे ते. १९५८ साली दुधव्यात अभयारण्य झालं ते वाघासाठी नाही, बारशिंग्यासाठी. पुढे बिली अर्जनसिंह नावाच्या हट्टी शेतकऱ्याने, जो तरुणपणी स्वतः शिकारी होता, सरकारच्या मागे लागून लागून १९७७ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान करवून घेतलं. इंग्लंडातल्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली तारा नावाची वाघीण त्याने आपल्या घरी वाढवून जंगलात सोडली, त्यावरून देशभर वाद झाला, तो वेगळा. ताडोबाकरांना या बिलीसाहेबांबद्दल आदर आहे. ‘मोठा माणूस,’ ते म्हणाले, ‘ताडोबाला असता तर नाव झालं असतं.’

आणि बारशिंगे?

‘हरणं आहेत. चला.’

शेवटी मी आकड्यांवर आलो. रेल्वेचा माणूस आकड्यापुढे नमतो, असा माझा समज. २०२२ च्या व्याघ्रगणनेत दुधव्यात १३५ वाघ निघाले आणि ताडोबात ९७. हे मी त्यांना कँटीनमध्ये, चहा पिताना, साक्षीदारांसमक्ष सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, फार झालं, माणूस दुखावला. मग ते म्हणाले, ‘छापलेत. दिसलेत का?’ आणि कप उचलला. खरं सांगायचं तर माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आमच्यापैकी कोणालाच तोवर दुधव्यात वाघ दिसलेला नव्हता.

या गृहस्थाची दया नियतीलाच आली असावी, कारण वाघ शेवटी लखनौत आला. डिसेंबर २०२४ मध्ये काकोरी-मलिहाबादच्या बाजूला, रहमानखेड्याला, फळबाग संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या रानात एक वाघ उतरला आणि दशहरी आंब्याच्या त्या मुलखात तीन महिने वनखात्याला खेळवत राहिला. पिंजरे लावले, म्हशीची पारडी बांधली, हत्तिणी आणल्या, कॅमेरे टांगले. तो यायचा, पारडू मारायचा, जायचा. ५ मार्च २०२५ ला बेशुद्ध करून पकडला तेव्हा गावकरी पुन्हा रात्री अंगणात झोपायला मोकळे झाले. २०१२ मध्येही याच रहमानखेड्यात एक वाघ असाच महिनोन्महिने राहून गेला होता, म्हणजे वाघांच्या जातीत या बागांची शिफारस होत असावी. ताडोबाकरांच्या घरापासून हे ठिकाण गाडीने तासाभराच्या आत. आम्ही सगळ्यांनी त्यांना फोन केले. अभिनंदनच म्हणा ना.

ते गेले नाहीत. ‘आंब्याच्या बागेतला वाघ मी धरत नाही,’ म्हणाले.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, बुद्धेश्वरकडच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये बिबट्या शिरला. वऱ्हाडी पळाले, नवरानवरी गाडीत काचा लावून बसली, आणि पहाटे बिबट्या पिंजऱ्यात गेल्यावर मग पुढचं कार्य. एका शहरात एकाच महिन्यात एकीकडे वाघ आणि एकीकडे बिबट्या, हे भाग्य किती राजधान्यांना लाभलंय? ताडोबाकरांनी बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला. ‘बिबट्या आपल्याकडे कोणी मोजत नाही,’ म्हणाले. ‘आपल्याकडे’ हा शब्द मी तेव्हा सोडून दिला. सोडायला नको होता, असं पुढे वाटलं.

वहिनींचं गुपित मला आमच्या घरून कळलं. दुधव्याच्या एका सफारीत ताडोबाकर जिप्सीत उलटे उभे राहून, दांडीला पाठ लावून, आम्हा सर्वांना मोहर्लीच्या एका सायटिंगचा प्रसंग सांगत होते. हाताने शेपटी किती वर होती ते दाखवत होते. ड्रायव्हर, गाइड, मी, सगळे माना वर करून त्यांच्याकडेच पाहत होतो. वहिनी विणत होत्या. त्यांनी डोळे वर केले आणि ताडोबाकरांच्या मागे, पन्नास पावलांवर, वाघ रस्ता ओलांडून गेला. या गवतातून त्या गवतात. चार-पाच सेकंद. वहिनींनी टाका पुरा केला आणि काही बोलल्या नाहीत. पुढे कधीतरी हळदीकुंकवाला बायकोच्या कानात सांगितलं, वर बजावलं, ‘यांना कळू देऊ नका हो.’

‘अहो पण का?’

‘दुधव्यात दिसला म्हटलं तर ताडोबाचं काय राहिलं यांच्याकडे?’

तेव्हा जे कळलं ते असं. ताडोबाकरांचे वडील बल्लारशाला रेल्वेत, आणि मामा जंगलाच्या आत, आज ज्याला कोअर म्हणतात तिथल्या एका गावात, शाळामास्तर. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या मामाकडे. मोहफुलं वेचायची, तेंदूची फळं खायची, रात्री अंगणात गोधडीवर पडायचं. त्या वयात यांनी ताडोबात वाघ किती पाहिले? एकही नाही. ऐकला मात्र. रात्री लांबून आवाज आला की मामा म्हणायचे, झोपा आता, तो निघाला त्याच्या कामाला.

पुढे बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी आतली गावं एकेक करून बाहेर वसवली. मामांचं गावही गेलं. घरं पाडली, शेतांचं कुरण झालं, कुरणावर चितळं आली, चितळांमागे वाघ आला. ज्याला हे लोक नुसतं ‘मेडो’ म्हणतात आणि जिथे सायटिंग हमखास होते, ती बहुतेक ठिकाणं अशीच तयार झाली आहेत. कोणाचं तरी ओसाड गावठाण असतं ते. लोकांना बाहेर जमिनी आणि पैसे मिळाले, वाघांना जागा मिळाली, यात चूक काही नाही, असं ताडोबाकर स्वतःच म्हणतात. निवृत्तीनंतर ते तिथे गेले ते मोहर्लीच्या गेटातून, तिकीट काढून, गाइड घेऊन. त्या कुरणाशी जिप्सी थांबली. गाइडने वाघ दाखवला. सगळ्यांचे कॅमेरे वाजत होते, आणि हे दुसऱ्याच बाजूला शाळेची विहीर शोधत होते. खाली उतरून पाहतो म्हणाले. गाइड म्हणाला, साहेब, कोअरमध्ये उतरायला बंदी आहे.

आम्हाला त्यांनी ताडोबातले फोटो हजार वेळा दाखवलेत. त्या दिवसाचा एकही त्यांत नाही.

हे कळल्यापासून माझी मोठी पंचाईत झाली आहे. ‘ताडोबात असं नसतं’ ऐकलं की पूर्वी मनातल्या मनात दातओठ खाता यायचे, ती सोय गेली. परवा कुकरैलला फिरायला गेलो होतो. लखनौच्या कडेचं ते रान, १९७८ पासून तिथे घडियालांची पैदास होते. नद्यांच्या काठांवरून अंडी गोळा करून आणायची, उबवायची, पिल्लं हौदात वाढवायची आणि मोठी झाली की नदीत सोडायची. घडियाल या देशातून जवळजवळ संपले होते, ते अशा हौदांतून परत आले. आता तिथेच नाइट सफारी उभारायची सरकारची योजना आहे. म्हणजे लखनौकरांना जेवण उरकून, रिक्षाने जाऊन, रात्री वाघ बघता येईल. ताडोबाकर यावर काय म्हणतील याची मला भीतीमिश्रित उत्सुकता आहे.

तर त्या हौदाच्या कठड्याशी शाळेची पोरं जमली होती आणि मध्ये शेवाळी कुर्ता. हिंदी विदर्भातली, हातवारे मास्तरांचे. लांब निमुळतं तोंड ते घडियालचं, मासे धरायला. रुंद ते मगरीचं, तिच्यापासून लांब राहायचं. नराच्या नाकावर मोठेपणी मडक्यासारखा गोळा येतो, त्यावरून ओळखायचा. पोरं तल्लीन होऊन ऐकत होती. एक चिमुरडी म्हणाली, ‘अंकल, यहाँ टाइगर है?’

मी कान टवकारले. ताडोबाकर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नहीं है. पहले ये देख.’

मी झाडामागे उभा होतो, त्यांना दिसलो नाही. पुढे गेलो असतो तर ताडोबाच्या तलावातल्या मगरी इथल्यासारख्या हौदात नसतात, मोकळ्या असतात, हे मला नक्की ऐकावं लागलं असतं. घरी येऊन मी हा प्रसंग सांगितला, तर कोणी विश्वास ठेवायला तयार नाही. वहिनींनी तेवढा ठेवला.

दुधवा नोव्हेंबरात उघडतं आणि पावसाळ्याच्या तोंडाला, जूनमध्ये, बंद होतं. लखनौला येणार असाल तर दोन रात्रींचं आरक्षण आधी करून या, थंडीचे कपडे घ्या, आणि झादी तालवर एक सकाळ नुसती काढा. जिप्सीत दोन जागा रिकाम्या राहत असतील तर मला कळवा. वहिनींना खिडकीची जागा द्या आणि त्या काय पाहतात तिकडे लक्ष ठेवा. ताडोबाकरांना उलटं उभं राहू द्या, टोकू नका. त्यांच्या वाट्याचं भाडं मात्र पलियाच्या आधीच मागून घ्या. परतीच्या वाटेवर ते ‘ताडोबात वाघ दिसला नाही तर मी पैसे दिले असते का?’ असं विचारतात, आणि त्याला अजून आमच्यापैकी कोणाला उत्तर सुचलेलं नाही.